'टू हंटर्स'मध्ये मला नुसती घरघरच ऐकू येते, हे ऐकायचं तरी कसं?

तुझा प्रश्न आधी परत लिहितो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय. तू इंदूरला ख्याल शिकतेस, मावसभावानं वुल्व्ज इन द थ्रोन रूम या बँडचा 'टू हंटर्स' हा अल्बम पाठवला आणि म्हणाला अ‍ॅटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल आहे, डोळे मिटून ऐक, जंगल दिसेल. तू ऐकलंस, जंगल काही दिसलं नाही, पाऊण तास घरघर आणि मागे कुठेतरी एक माणूस ओरडतोय एवढंच. आता तुझा सवाल असा की दादा, यात खरंच काही ऐकण्यासारखं आहे का लोक उगाच भाव खाऊन राहिलेत.

आहे ऐकण्यासारखं. भाव खाणारेही आहेत, ते पुढे सांगतो.

मी इंदुरात साउंडचं काम करतो, लाइव्हही आणि रेकॉर्डिंगही. म्हणजे एका आठवड्यात रवींद्र नाट्यगृहात नाट्यसंगीताच्या कार्यक्रमाला माइक लावायचे आणि पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या पोरांचा मेटल बँड मिक्स करायचा असं बरीच वर्षं चाललंय, स्वतः गिटारही वाजवतो. इंदूरला मेटल काही नवीन नाही, आपल्याकडचा निकोटीन हा बँड २००६ च्या सुमारास सुरू झालाय. पण ब्लॅक मेटलमधला, म्हणजे मेटलच्या त्या अतिवेगवान, किंचाळ्यांच्या शाखेतला, हा जो वातावरणवाला प्रकार आहे तो आपल्याकडे बहुतेक लोक एकटेच, रात्री, हेडफोनवर ऐकतात, त्यामुळे शेजारी बसून 'आता हे ऐक, आता ते ऐक' असं सांगणारं कुणी भेटत नाही. ख्यालात तुला गुरू भेटले ना, इथे कुणीच नसतं. म्हणून जरा लांब लिहितो.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की तू वेग ऐकतेयस. साहजिक आहे, कारण समोर तोच येतो. पण हे संगीत विलंबित आहे. वरचा थर प्रचंड द्रुत आणि आतली चाल एकदम संथ, अशी त्याची रचना असते, आणि ऐकायचं असतं ते आतलं. आपल्या इथून पातालपानीकडे गाडीनं जाताना खिडकीजवळचे खांब सपासप मागे जातात आणि लांबची टेकडी जागची हलत नाही, तू सध्या खांब मोजतेयस.

हिशोब करून दाखवतो म्हणजे हे नुसतं कवित्व वाटणार नाही. समज गाणं २०० बीपीएमचं आहे, म्हणजे मिनिटाला २०० बीट. गिटारवाला ट्रेमोलो पिकिंग करतोय, म्हणजे एकाच सुरावर पिक खालीवर खालीवर, एका बीटला चार घाव. झाले सेकंदाला तेरा-साडेतेरा घाव. एवढ्या वेगात कान घाव वेगळे मोजणं सोडून देतो, त्याला एक सलग, जरासा थरथरणारा सूर ऐकू येतो. गिटारच्या तारेचा आवाज छेडला की लगेच मरायला लागतो, तो मरू नये म्हणून हा खटाटोप, सारंगीवाल्याकडे गज असतो आणि गिटारवाल्याकडे नसतो म्हणून तो हाताच्या वेगानं गज तयार करतो असं धर. ड्रम्सचं पण तेच. ब्लास्ट बीट म्हणतात त्यात किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काठीनं वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) इतक्या पटापट आलटून पालटून पडतात की थोड्या वेळानं ते ठेके राहतच नाहीत, एक गुणगुण होते. आणि या सगळ्या धबडग्यात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर, कधी बदलतो? चार बारनी. चार बार म्हणजे सोळा बीट, २०० च्या लयीत साधारण पावणेपाच-पाच सेकंद. अशा चार कॉर्डचं एक चक्र पुरं व्हायला एकोणीस-वीस सेकंद लागतात. म्हणजे गाण्यात खरोखर जे घडतंय ते पाच सेकंदाला एकदा घडतंय आणि तू सेकंदाला तेरा घावांशी भांडत बसलीयस.

आता तू इंदूरची आहेस म्हणून हे सांगणं सोपं आहे. इंदूर घराण्याच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा तालातला ख्याल तू ऐकलेला असणारच, गुरूंनी शिकवलाही असेल. मात्रा चार सेकंदांची धरली तर चौदा मात्रांचं आवर्तन ५६ सेकंदांचं होतं. नवखा माणूस ते ऐकून काय म्हणतो? 'काही होतच नाहीये.' आणि तू मनात म्हणतेस अरे होतंय, तू थांब तरी. तुझं आणि टू हंटर्सचं नेमकं तेच झालंय, फक्त उलट्या बाजूनं, तिथे फार कमी ऐकू येतं म्हणून माणूस कंटाळतो आणि इथे फार जास्त ऐकू येतं म्हणून. संथ गोष्टीसाठी थांबायचं हा अभ्यास तुझा झालेला आहे. मेटल ऐकून मोठ्या झालेल्या पोरांपेक्षा तुला हे लवकर जमेल असं माझं मत आहे, कारण ती पोरं रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा ठसकेबाज तुकडा, शोधत बसतात, मान हलवायला जागा शोधतात, आणि या प्रकारात ती जागा मुद्दामच कमी ठेवलेली असते.

पण ही तुलना फार ताणू नकोस हं. इथे राग नाही, उपज म्हणजे ऐन वेळी सुचलेलं काही नाही, सगळं आधी ठरवून बसवलेलं असतं, आवर्तनाला तालाचा ठेका नसतो. 'ब्लॅक मेटल म्हणजे पाश्चात्त्यांचा ख्याल' वगैरे लिहिणारे लोक मला भेटलेत, त्यांनी बहुतेक दोन्ही अर्धवट ऐकलेलं असतं. सारखेपणा एवढाच की थांबायचं कुठे आणि लक्ष कुठे ठेवायचं.

सूर कसे बदलतात ते एक उदाहरण घेऊन बघ, पेटी असेल तर पेटीवर, नसेल तर मोबाइलवरचा तानपुरा लाव आणि गा. आधी सा, कोमल ग, प. हा एक मायनर कॉर्ड. आता कोमल ग तिथेच ठेव, प ला उचलून कोमल ध वर ने आणि सा ला अर्धं पाऊल खाली उतरवून शुद्ध नी वर आण. हा दुसरा मायनर कॉर्ड. या दोनांमधली ये-जा या सगळ्या जॉनरचा रोजचा माल आहे, नॉर्वेपासून अमेरिकेपर्यंत सगळ्यांनी वापरलाय. गाऊन बघितलंस तर लक्षात येईल की मधला सूर हलत नाही आणि बाकीचे दोघं विरुद्ध दिशांना फक्त अर्धा-अर्धा स्वर सरकतात, आणि तेवढ्यानं पायाखालची जमीन गेल्यासारखं होतं. ऐकायचंय ते हेच. ही हालचाल डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज), सिंबल (ड्रम्समधल्या झांजा) आणि किंचाळ्या यांच्या खाली पुरलेली असते, पण एकदा गळ्यानं ओळखली की कान ती आपोआप खणून काढतो. बऱ्याचदा गिटारच्या वरच्या एक-दोन तारा उघड्याच वाजत असतात, कॉर्ड खाली बदलतो आणि वर ती तार तशीच झणझणत राहते. ते काय काम करतंय हे तानपुऱ्यापुढे बसणाऱ्या मुलीला मी काय सांगू.

आता आवाज. तू लिहिलंयस की रेकॉर्डिंगच खराब वाटतं, सगळं लांबून आल्यासारखं. ते लांबून आल्यासारखंच हवंय त्यांना.

थोडा इतिहास लागेल इथे. नव्वदच्या सुरुवातीला नॉर्वेत जे ब्लॅक मेटल तयार झालं त्यातल्या काही लोकांनी स्वच्छ, जाड, ताकदवान आवाज ठरवून नाकारला, कारण तेव्हा डेथ मेटल या मेटलच्याच दुसऱ्या शाखेचे सगळे अल्बम तसे गुळगुळीत व्हायला लागले होते. डार्कथ्रोन या बँडनं १९९४ चा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' घरीच चार ट्रॅकच्या मशीनवर रेकॉर्ड केला. बुर्झुम या एकाच माणसाच्या बँडचा 'फिलॉसोफेम' मार्च १९९३ मध्ये रेकॉर्ड झाला, बाहेर आला १९९६ मध्ये, आणि त्यात गिटार नेहमीच्या अँपऐवजी घरच्या स्टिरिओच्या अँपमधून फझ (आवाज खरखरीत करणारं यंत्र) लावून वाजवली आणि गाणं सगळ्यात टाकाऊ माइकवर, एका हेडसेटवर, रेकॉर्ड केलं. पैसे नव्हते म्हणून नाही, ठरवून. परिणाम असा झाला की गिटारचा आवाज वाद्याचा न राहता धुक्यासारखा झाला आणि त्याच्या मध्ये एक साधी कीबोर्डची धून एकटी चमकत राहिली. त्याच अल्बममध्ये पंचवीस मिनिटांचा एक जवळजवळ स्थिर सिंथचा तुकडा आहे, ड्रम नाही, गिटार नाही. आज ज्याला आपण अ‍ॅटमॉस्फेरिक म्हणतो त्यातल्या बऱ्याच गोष्टी तिथून निघाल्या.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर अंतर कळतं ते थेट आवाज आणि खोलीत फिरून आलेला आवाज यांच्या प्रमाणावरून. गायिकेच्या तोंडाजवळ माइक असेल तर थेट आवाज जास्त, ती कानात गाते. तोच माइक सभागृहाच्या मागच्या भिंतीला लाव, ती दूर जाते, आवाज कितीही मोठा केला तरी दूरच राहते. मोठा पण दूर. लांबचा डोंगर जसा मोठाही असतो आणि लांबही. या जॉनरचा मिक्स यावर उभा आहे. गिटारचे दोन-चार टेक डावी-उजवीकडे पसरलेले, त्यांच्यात जरा जरा फरक असल्यामुळे कडा विरघळतात, रिव्हर्ब म्हणजे खोलीची घुमणारी आस भरपूर, किकचा खालचा धक्का काढून टाकलेला, आणि आवाज, म्हणजे माणसाचा आवाज, सगळ्यात मागे. पॉप गाण्यात गायक समोर आणि बाकीचे त्याच्या मागे असतात. इथे माणूस दृश्यातला एक ठिपका आहे, लँडस्केप पुढे आहे. म्हणून शब्द कळत नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नकोस, कळावेत अशी योजनाच नाही. शब्द आधी एकदा वाचून घे आणि मग बाजूला ठेव, ऐकताना स्क्रीनवर डोळे ठेवून ओळी जुळवत बसलीस तर सगळं हातचं जाईल. त्या किंचाळीत तू स्वर शोधणार, सवयच आहे तुझी, तो नाहीये. पोत आहे. श्वास कुठे तुटतो आणि किती वेळानं परत येतो एवढंच ऐक.

अल्बमकडे येतो. वुल्व्ज इन द थ्रोन रूम हे अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया गावचे, नेथन आणि अ‍ॅरन वीव्हर हे भाऊ. टू हंटर्स आला २००७ मध्ये, सदर्न लॉर्ड लेबलवर, प्रोड्यूसर रँडल डन. चारच गाणी, सहा, बारा, दहा आणि अठरा मिनिटं अशी ढोबळ लांबी, मिळून पाऊण तासाच्या वर थोडं. त्या राज्यात ऑलिंपिक द्वीपकल्पावर होह नावाचं पावसाळी जंगल आहे, तिथे वर्षाला साडेतीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या इंदुरात साधारण एक मीटर. मावसभावाला जे जंगल दिसतं ते त्या भागातलं आहे, शेवाळ, धुकं, सदाहरित झाडं. तुला ते दिसलं नाही यात तुझा काही दोष नाही, आपण तसलं जंगल बघितलेलं नाही. जंगल दिसायलाच पाहिजे असंही नाही. मला तर बऱ्याचदा काहीच दिसत नाही, नुसतं ऐकू येतं आणि ते पुरतं.

पहिलं गाणं 'डेआ आर्टिओ', ही जुन्या केल्टिक लोकांची अस्वलदेवी, तिची ब्राँझची छोटी मूर्ती स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळ सापडलीय. या गाण्यात गाणं नाहीच, नुसती वाद्यं. आणि हेच तुझं प्रवेशद्वार आहे. इथे गिटार तीच, ट्रेमोलोवाली, थरथरणारी, पण ड्रम्स एकदम संथ. म्हणजे बँडनं किल्ली पहिल्याच गाण्यात हातात दिलीय, वरचा थर द्रुत, खालचा विलंबित, दोन्ही उघडे करून दाखवलेत. आठवडाभर फक्त हे सहा मिनिटांचं गाणं ऐक. खरंच. बाकीचा अल्बम लावूच नकोस. गिटारमधला सगळ्यात वरचा सूर पकड आणि तोंड बंद ठेवून गुणगुण, तो बदलला की तू बदल.

मग 'व्हास्टनेस अँड सॉरो' लाव, बारा मिनिटांचं. आता ड्रम्स अंगावर येतील. गुणगुणणं सोडू नकोस, तेच करत राहा, ड्रम्सकडे लक्ष द्यायचंच नाही असं ठरव. तू तुझ्या संथ सुरावर टिकून राहिलीस तर साधारण दोन-तीन मिनिटांत ड्रम्स आपोआप मागे जातात, पावसाचा आवाज जसा थोड्या वेळानं आपण ऐकेनासे होतो तसे. त्यानंतर जेव्हा ड्रम्स चाल बदलतात, अर्ध्या लयीत येतात, तेव्हा बघ काय होतं. गिटार तीच असते पण सगळं अचानक मोठं, रुंद वाटायला लागतं. आमच्याकडे पेटीची साथ करणारे एक काका येतात, त्यांना मी एकदा हे ऐकवलं होतं. त्यांनी पाच मिनिटं ऐकून विचारलं, "ह्यात सम कुठाय रे?" लोकांना वाटतं काकांनी टर उडवली, पण माझ्या मते या संगीताबद्दल विचारलेला तो सगळ्यात नेमका प्रश्न होता. सम आवर्तनाला एकदा नाहीये, गाण्यात दोनदा-तीनदा आहे, जिथे ब्लास्ट सुटतो आणि ड्रम्स खाली बसतात तिथे. मधली चार-पाच मिनिटं त्या एका जागेकडे चाललेली असतात. काकांना ती जागा दाखवली, त्यांनी मान हलवली आणि म्हणाले बरं आहे पण ओरडणाऱ्याला पाणी द्या.

'क्लीन्सिंग' मध्ये सुरुवातीला एका बाईंचा आवाज येतो, तो जेसिका केनी यांचा. त्या जावाच्या गॅमेलान या वाद्यवृंदाबरोबरचं गायन आणि इराणी अभिजात गायकी दोन्ही शिकलेल्या आहेत, आणि ते त्या स्वर लावण्यात कळतं, कंपन नाही, घाई नाही, सरळ सोडलेला सूर. तुला अख्ख्या अल्बममध्ये हेच सगळ्यात आधी आवडेल याची मला खात्री आहे आणि धोकाही तोच आहे. तू तेवढा भाग वेगळा काढून ऐकायला लागशील. करू नकोस, कारण त्या शांत भागाची किंमत नंतर येणाऱ्या भडिमारावरून ठरते, आणि उलटही. शेवटचं अठरा मिनिटांचं 'आय विल ले डाउन माय बोन्स अमंग द रॉक्स अँड रूट्स' हे सगळं एकत्र करतं आणि शेवटाकडे तो बायकी आवाज परत येतो. हे गाणं मी सलग आणि एकटं बसून ऐकण्याच्या बाजूचा आहे, अर्धं आज अर्धं उद्या यात काही अर्थ नाही. शफल तर बंदच कर.

खोलीबद्दल बोलल्याशिवाय माझं उत्तर पूर्ण होणार नाही कारण तुझ्या घरघरीतली निम्मी घरघर बँडची नसून खोलीची असणार. आपली घरं म्हणजे खाली टाइल्स, बाजूला प्लास्टरच्या उघड्या भिंती, वर स्लॅब. टाळी वाजवून बघ, झणझण येते ना? रेकॉर्डिंगमध्ये आधीच धबधब्याएवढा रिव्हर्ब आहे, त्यावर तुझ्या खोलीचा चढला की नुसता चिखल. स्पीकरवर ऐकायचं तर भिंतीवर एक-दोन गोधड्या टांग, खाली सतरंजी टाक, जाड पडदे ओढून घे, आणि स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढ. पंखा बंद कर. पंख्याची पाती फिरताना आवाज कापतात, आपल्याला रोज जाणवत नाही पण असल्या सलग आवाजात एक भलतीच थरथर येते जी बँडनं टाकलेली नाही. मे महिन्यात इंदुरात पंखा बंद करून कोण बसणार, म्हणून मी तरी हे संगीत पावसाळ्यात नाहीतर डिसेंबर-जानेवारीतच स्पीकरवर ऐकतो आणि उन्हाळ्यात हेडफोन.

हेडफोनमध्ये ब्लूटूथवाले स्वस्त असतील तर एकदा वायरवाल्यावर ऐकून फरक बघ. फाइल लहान करताना जो डेटा फेकला जातो तो असल्या गोंगाटासारख्या संगीतात फार झोंबतो. पेटी-तबल्याची १२८ केबीपीएसची फाइल चालून जाते, पण सिंबल आणि डिस्टॉर्शन एकत्र असले की त्याच १२८ मध्ये वरचा सगळा भाग पाण्यातून आल्यासारखा सळसळायला लागतो, आणि मग माणूस म्हणतो हे संगीतच असं आहे. कुणीतरी अपलोड केलेल्या व्हिडिओवर ऐकत असशील तर ते सोड, बँडच्या स्वतःच्या पानावरून किंवा अ‍ॅपमध्ये क्वालिटी वर करून ऐक. बेस बूस्ट, थ्रीडी, अमुक मोड तमुक मोड सगळे बंद. आवाज मध्यम ठेव, फार कमी केला तर कान खालचे आणि अगदी वरचे सूर गाळतो आणि मधली किरकिर तेवढी उरते, फार मोठा केला तर दहा मिनिटांत थकशील कारण दोन ते पाच हजार हर्ट्झमध्ये कान सगळ्यात नाजूक असतो आणि हे संगीत तिथेच गच्च भरलेलं असतं. तुला गायचंय अजून पुढे, कान जप.

आता भाव खाणाऱ्यांबद्दल. या जॉनरमध्ये टाकाऊ माल पुष्कळ आहे आणि तो ओळखणं सुरुवातीला अवघड जातं, कारण रिव्हर्बच्या मागे काहीही लपतं. एकट्या माणसानं लॅपटॉपवर बनवलेले अल्बम रोज निघतात, सुरुवातीला पावसाचा आवाज, मग लांडगा, मग दहा मिनिटं एकच कॉर्ड, कव्हरवर धुक्यातली झाडं. माझ्याकडे इथलीच दोन पोरं डेमो घेऊन आली होती, पातालपानीच्या धबधब्याचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून गाण्याच्या सुरुवातीला दीड मिनिट लावला होता. मी म्हटलं भिया, धबधबा काढून टाका आणि गिटार एकदम क्लीन करून वाजवा. वाजवली. धून उभी राहिली, चांगलीच होती, धबधब्याची तिला गरजच नव्हती, शेवटी तो काढला. माझी परीक्षा हीच आहे, डिस्टॉर्शन आणि रिव्हर्ब काढला आणि पेटीवर ती ओळ वाजवली तर ऐकावीशी वाटते का. दुसरी परीक्षा, शेवटची पाच मिनिटं पहिल्यांदाच तुटक ऐकली तर जेवढी भावतात त्यापेक्षा अख्खं गाणं ऐकून तिथे पोचल्यावर जास्त भावतात का. नसतील तर ती लांबी फुकट आहे. टू हंटर्स दोन्हीत पास होतो असं मला वाटतं, जरी 'व्हास्टनेस'चा मधला भाग एखाद-दोन मिनिटं कमी चालला असता.

आणि एक घाणेरडी बाजू आहे ती लपवणार नाही. फिलॉसोफेम ज्यानं केला तो वार्ग विकर्नेस, त्याला १९९४ मध्ये नॉर्वेत खून आणि चर्च जाळल्याबद्दल २१ वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याचे वंशवादी विचार आजही जगजाहीर आहेत. या जॉनरच्या एका कोपऱ्यात उघड नाझी बँड आहेत. 'संगीत वेगळं आणि माणूस वेगळा' असं म्हणून मोकळं होणारे लोक मला पटत नाहीत. माझं म्हणणं असं की इतिहास कळण्यापुरतं ऐक, पैसे देऊ नकोस, आणि नवा बँड आवडला की टी-शर्ट मागवायच्या आधी दोन मिनिटं शोधून बघ ते कोण आहेत. चांगले पर्याय इतके आहेत की अडत काहीच नाही.

पुढे काय ऐकायचं तर ख्यालाच्या कानाला अ‍ॅगालॉकचा 'द मँटल', २००२ चा, सोपा जाईल, त्यात अकूस्टिक गिटार भरपूर, स्वच्छ गाणंही आहे, आणि एका जागी तालवाद्य म्हणून हरणाची कवटी वाजवलीय. त्यानंतर उल्व्हरचा 'बेर्गटाट', १९९५, डोंगरातल्या लोकांनी पळवून नेलेल्या मुलीची पाच प्रकरणांत सांगितलेली गोष्ट, छोटा आहे, यात कोरससारखं गाणं आणि ब्लॅक मेटल अगदी शेजारी शेजारी बसतात. पॅनॉप्टिकॉनचा 'केंटकी', २०१२, हा एकाच माणसाचा प्रकल्प, ऑस्टिन लन, पण वर मी शिव्या घातल्या त्यातला नव्हे, कोळसा खाणकामगारांवर आहे, बँजो आहे, जुनी कामगार चळवळीची गाणी आहेत, मला स्वतःला फार आवडतो. स्वित्झर्लंडच्या पेसाज दिव्हेरचा 'इम वाल्ड', २०२०, दोन तासांचा बर्फाचा मारा, तो मात्र वर्षभरानंतर, आत्ता लावलास तर मावसभावाशी बोलणं बंद होईल.

तू शेवटी विचारलंयस की भाऊ म्हणतो हे व्हिनाइलवरच ऐकावं, तर घ्यावा का रेकॉर्ड प्लेअर. नको. एवढे दाट वरचे सूर रेकॉर्डच्या आतल्या गोलांमध्ये आणखी फाटतात, आणि अठरा मिनिटांचं गाणं शेवटाला तिथेच जाऊन पोचतं. शिवाय स्वस्त प्लेअरची सुई रेकॉर्डही खाते. तेवढ्या पैशात वायरचे बरे हेडफोन आणि खोलीला जाड पडदे दोन्ही होतील, आणि पडदे रियाजालाही उपयोगी पडतील.